गनीभाई दाखवतील ती हरणं

नगरहून सकाळी निघायचं, श्रीगोंद्यावरून पेडगावचा किल्ला गाठायचा, राशीनला देवीचं दर्शन घेऊन जेवायचं, ऊन कललं की रेहेकुरीच्या माळावर काळवीट बघायचे, मिरजगावच्या अलीकडं एका शेतात हुरडा खायचा आणि दिवेलागणीला परत नगर. कल्याणशेठच्या एका दिवसाच्या सहलीचा हा रस्ता कित्येक वर्षं ठरलेला होता, आणि त्या रस्त्यावर बोलायचं कोणी तेही ठरलेलं होतं. बोलायचं गनीभाईंनी. बाकीच्यांनी ऐकायचं, सांगतील तिकडं वळून बघायचं आणि हुरडा आला की खायचा.

गनीभाई दिसायला काही विशेष नव्हते. वाळकं अंग, मेंदीनं तांबडी झालेली दाढी, उन्हाळा असो की हिवाळा अंगात तेच करडं जाकीट. रस्त्यात भेटले तर तुम्ही त्यांना पत्ता विचारला असता आणि पुढच्या चौकात त्यांचं तोंडही विसरला असता. पण गाडीतला माईक हातात आला की या माणसाचा आवाज असा काही लागायचा, की मागच्या सीटवर डुलक्या घेणारी आजीसुद्धा उठून पदर सावरून बसे. वडिलांचा टांगा होता. चांदबीबीच्या महालाच्या पायथ्याशी सवारी न्यायची आणि वाटेत तिला गोष्ट सांगायची, हा त्या घराचा धंदा. टांगा गेला, घोडं गेलं, गोष्ट तेवढी राहिली. सगळं नगर ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतं ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, हे भाईंना चांगलं ठाऊक होतं. पण चांदबीबीचं नाव काढलं की बायका पुढं सरकून बसतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

म्हणजे भाई थापा मारायचे का? मारायचे की! बिनथापेचा गाइड म्हणजे बिनमिठाचं पिठलं, कोण खाणार ते? पेडगावला आलेल्या प्रत्येक जथ्याला ते भीमेच्या डोहात बुडालेल्या तोफेचा आवाज ऐकवायचे, आणि गंमत म्हणजे लोकांना तो ऐकूही यायचा. पण भाईंचा एक कायदा होता. तोंडानं काय वाटेल ते सांगावं, बोट मात्र खोटं बोलता कामा नये. 'तिकडं बघा' म्हटलं की तिकडं ती गोष्ट असलीच पाहिजे. बुरूज म्हणजे बुरूज, काळवीट म्हणजे काळवीट. धंद्यात नवीन आलेल्यांना ते बजावायचे, "गोष्ट आपली आसती रं, बोट गिऱ्हाइकाचं आसतं. त्यात फसवाफसवी न्हाई करायची."

आणि बोट दाखवण्याची त्यांची एक खास तऱ्हा होती. गाडी चालू असताना ते ड्रायव्हरच्या शेजारी, पाठ रस्त्याकडं आणि तोंड पाहुण्यांकडं करून, दांडीला टेकून उभे राहायचे. बोलता बोलता मागं वळूनही न बघता हात असा डावीकडं नाहीतर उजवीकडं लांब करायचे, आणि बरोबर त्या बोटाच्या टोकाला कळप उभा असायचा. लोक टाळ्या वाजवत. भाई मान लववून घेत. ती टाळी त्यांना पगाराइतकीच लागायची.

काचबिंदू आला तो गुपचूप आला. आधी कडेचं दिसेना, मग पायरी दिसेना, मग माणसाचं तोंड दिसेना. डॉक्टरनं तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळू. उरलेलीही सांभाळली गेली नाही. मागच्या दिवाळीपर्यंत भाईंना ऊन कुठं आणि सावली कुठं, एवढंच काय ते कळत होतं. हे दोघांना ठाऊक होतं. एक त्यांची बायको शहजादी आणि दुसरा गाडीचा ड्रायव्हर बन्सी. मुलाला, हारिसला, त्यांनी सांगितलं नाही. हारिसचं गॅरेज बरं चाललं होतं, भाईंच्या पगाराशिवाय घर अडलं नसतं, आणि म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी म्हणाला असता, अब्बा, घरी बसा.

घरी बसणं म्हणजे दारातली खाट. भाईंचे वडील शेवटची वर्षं त्याच खाटेवर बसून गेले होते. येणारे-जाणारे 'सलाम चाचा' म्हणत आणि उत्तर यायच्या आत पुढं निघून जात. जन्मभर बोललेल्या माणसाचं बोलणं ऐकायला कोणी थांबेना, तेव्हा म्हातारा दारातल्या शेळीशी बोलायला लागला. चांदबीबीची सगळी गोष्ट, सुरुवातीपासून, शेळीला. भाईंना मरणाची भीती वाटत नव्हती. त्या शेळीची वाटत होती.

तेव्हा मार्ग काढला तो बन्सीनं. "भाई, तुमी तरी कुठं वळून बघता?" तो म्हणाला. "मी बघतो की तुमच्यासाठी. डावीकडं दिसलं की मी इचारीन, भाई पानी? उजवीकडं दिसलं तर इचारीन, तंबाखू?" एवढंच. गाडीत ड्रायव्हरनं गाइडला पाणी विचारलं तर कोणाला काय कळणार? किल्ल्यात उतरलं की बन्सी पाण्याचा जार घेऊन चपला फटफट वाजवत पुढं चालायचा आणि भाई त्या आवाजामागं. पावसाळा गेला, हिवाळा आला, हुरड्याचा मोसम सुरू झाला, गाडी भरून जायची, भरून यायची. एकालाही संशय आला नाही. उलट भाई आताशा जास्तच रंगात येऊन बोलतात, असं लोक म्हणायचे. जे दिसत नाही ते माणूस फार मन लावून सांगतो.

मग कल्याणशेठला अर्धांगाचा झटका आला आणि गाडीचा कारभार त्यांच्या मुलाकडं, ओंकारकडं आला. पुण्यात शिकून आलेला, दाढी कोरलेला, सतत मोबाईलमध्ये बघून बोलणारा. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात.

त्या सकाळी ओंकार स्वतः गाडीबरोबर यायला निघाला. पाहुणे अजून चहा घेत होते. त्यानं बन्सीला टपरीमागं नेलं.

"भाईंना दिसतं का रे नीट?"

"दिसतं की, शेठ."

"मग आज तू त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. पाणी नाही, तंबाखू नाही, पाहुण्यांच्या व्हिडिओत सारखं तेच ऐकू येतं. मला बघायचंय. आणि मधे तोंड उघडलंस तर दोघंही घरी."

बन्सीची मुलगी पूजा नर्सिंगला होती. बन्सीनं मान खाली घातली. तेव्हा भाई गाडीच्या पलीकडं उभे राहून चष्म्याची काच पुसत होते, तो चष्मा ज्यातून त्यांना काहीच दिसत नव्हतं. हे टपरीमागचं बोलणं त्यांना पुढं बन्सीनंच सांगितलं, पण तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

घरून निघताना शहजादी म्हणाली होती, "आज नक्को जाव जी. मालिक का बेटा गाड़ी में है." भाई हसले होते. आज गेलं तर कायमचं जाता येईल, हे त्यांना कळत होतं. पोरगा एकदा खूश झाला की पुढचे दोन-चार हिवाळे निघाले.

पाहुणे पुण्याच्या एका सोसायटीचे होते. अध्यक्ष सुनीलराव, पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. दर वाक्याला कोणाची तरी फिरकी घ्यायची आणि आपणच आधी हसायचं, असा माणूस. त्यांच्यात मोनिका नावाची एक मुलगी होती, गळ्यात कॅमेरा, बोलायला मऊ. भाईंना तिनं आल्या आल्या वाकून नमस्कार केला.

श्रीगोंद्यापर्यंत काही अडलं नाही. कारखान्याच्या मळीचा वास आला तसे भाई म्हणाले, "हा आला बघा श्रीगोंदा, इथं उसानं माणसाला श्रीमंत केलं आणि माणसानं उसाला." लोक हसले. उसाच्या ट्रॉल्या घरघरत गेल्या, त्या त्यांनी मोजून दाखवल्यासारख्या दाखवल्या. पण बन्सीचा आवाज येत नव्हता. एकदाही नाही. भाईंनी दोनदा खाकरून बघितलं. बन्सी गिअर बदलत राहिला.

पेडगावला गाडी थांबली आणि चपला वाजल्या नाहीत. भाई पायरीवर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी हात पुढं केला आणि अगदी खानदानी अदबीनं म्हणाले, "मोनिकाताई, या, तुम्हाला पहिलं दाखवतो." तिच्या कोपराला धरून ते वेशीतून आत गेले. तो किल्ला त्यांना हातापायांनी पाठ होता. देवळाच्या खांबावरच्या सुरसुंदरीवर त्यांनी तळहात ठेवला आणि तिच्या पायातल्या तोड्यापासून केसांपर्यंत अशी सांगितली, की बायका जवळ येऊन खांबाला हात लावून बघायला लागल्या. शंभूराजांना जिथं साखळदंडात आणलं त्या जागेशी आल्यावर भाई आवाज उतरवून साधेपणानं बोलले. ती गोष्ट ते कधीच वाढवून सांगत नसत. सुनीलरावांसारखा माणूस, त्यानंही डोळे पुसले. ओंकार मागून मोबाईल धरून उभा होता. भाईंना वाटलं, जिंकलो.

फक्त मोनिकाच्या कोपरावर त्यांची बोटं रुतली होती. बाहेर आल्यावर तिनं हळूच बाही वर करून बघितलं, आणि मग त्यांच्याकडं बघितलं.

राशीनला जेवणं झाली. ऊन कललं. गाडी रेहेकुरीच्या बाजूला वळली तशी पोरंबाळं खिडक्यांना चिकटली. पिवळं गवत, बाभळी, बोरी, मधूनच ज्वारीचा हिरवा तुकडा. हे सगळं भाईंच्या मनात होतं तसंच बाहेरही होतं. ते काळवीटाच्या नराबद्दल बोलत होते, तो वयात आला की कसा काळा होत जातो, माद्यांसाठी कसा भांडतो. बोलत होते आणि कान बन्सीकडं लावून होते.

"अहो भाई, गोष्टी पुरे, आता हरणं दाखवा!" सुनीलराव ओरडले.

"दाखवतो की साहेब. हरणं काय पळून जातात काय?" लोक हसले. भाईंनी मान थोडी वळवली. "बन्सी, पानी आसंल का रं?"

बन्सी गप्प.

"तंबाखू तरी?"

बन्सी गप्पच. तेवढ्यात गाडी हळू झाली. आता बन्सी गाडी हळू करायचा ती कळप दिसल्यावरच. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक की ओंकारनं मागून बन्सीच्या खांद्यावर बोट टेकवलं होतं, गाडी हळू कर म्हणून. भाईंना वाटलं, बन्सीला बोलायची चोरी झाली आहे, म्हणून तो असं सांगतोय. डावीकडं बोरींची राई, दुपारचा कळप सावलीला तिथंच असतो. त्यांनी आयुष्यभर केलं तसं, वळून न बघता, हात लांब केला.

"डावीकडं बघा, बोरीखाली. एकटा नर आहे. पाठ काळीभोर, पोट पांढरं. हलू नका कोणी. मान वर करून तो आपल्याकडंच बघतोय."

सगळी गाडी डावीकडं वळली. बोरीखाली धोतर वर खोचून एक म्हातारबा परसाकडंला बसले होते, शेजारी पाण्याचा तांब्या. भरली गाडी समोर थांबलेली बघून ते पार गारठले होते, आणि मान वर करून आपल्याकडंच बघत होते. तेवढं एक भाईंचं बरोबर आलं होतं.

असा हशा त्या गाडीत कधी झाला नव्हता. बायका तोंडाला पदर लावून, पोरं सीटवर उड्या मारून. भाई आधी चक्रावले, मग काहीतरी बिनसलंय हे कळून त्यांच्याबरोबर हसायला लागले. विनोद केला असं वाटलं तर वाटू दे. आणि वाटलंही असतं, निभावलं असतं. पण मोनिका बिचारी दयाळू निघाली.

"अहो, हसू नका ना," ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "त्यांना दिसत नाहीये. किल्ल्यातही दिसत नव्हतं."

गाडीत एकदम शांतता झाली. भाईंना ती शांतता हशापेक्षा बरी वाटली असेल, क्षणभर. मग सुनीलराव उठले. एवढं मोठं पोट, पण पाऊल न वाजवता पुढं आले आणि भाईंच्या नाकासमोर बोटं धरली.

"भाई, किती?"

भाईंनी चष्मा वर सरकवला.

"बरं, उजवीकडं काय दिसतंय ते सांगा. सांगा की! पैसे भरलेत आम्ही."

"उजवीकडं..." भाईंनी दांडी घट्ट धरली. "माळ आहे, साहेब. गवत आहे."

"गवत! अहो, दगडाची खाण आहे समोर!" खाण नव्हती, गवतच होतं. "बघा, काय म्हणता, आहे ना खाण?"

भाई थांबले. स्वतःच्या तोंडावर त्यांचा जन्मात पहिल्यांदा विश्वास बसेना. "आसंल," ते म्हणाले. "हाय, खाण हाय."

पुन्हा हशा. मग तो खेळच झाला. एक पोरगी म्हणाली, मोर दिसतोय, भाईंनी मोर कबूल केला. कोणी म्हणालं हत्ती, भाईंनी हत्तीलाही हो म्हटलं, कारण आता ते घाबरले होते आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो. ओंकार मोबाईल धरून होता, त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. बन्सीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. त्याची काय हिंमत होती? तुमची-माझी तरी काय झाली असती?

शेतावर आगटीभोवती बसल्यावर तर रंगच चढला. जो तो भाईंच्या तळहातावर काहीतरी ठेवी, 'ओळखा'. चटणी ओळखली, गूळ ओळखला. हुरड्याची मूठ ओळखली आणि वास घेऊन म्हणाले, सुरती ज्वारीचा आहे, कोवळा आहे. लोक वा वा म्हणाले. मग सुनीलरावांनी पायातली चप्पल काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि भाईंनी सवयीनं तीही नाकाशी नेली. मोनिका उठून गाडीत जाऊन बसली. बाकीचे तसे चांगल्या घरातले लोक होते, पण आगटीची ऊब होती, कोवळा हुरडा होता आणि एक म्हातारा होता, मग कोण कोणाला आवरतं?

नगरला उतरल्यावर ओंकार भाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, आता आराम करा. पप्पांशी बोलून काहीतरी करू तुमचं." झालं. एवढ्या वर्षांची नोकरी संपायला एवढंच लागलं.

हारिसला कळायचं ते कळलंच. तो रागावला नाही, उलट फार चांगला वागला. खाटेवर नवी गादी आणली. सून वेळेवर चहा देऊ लागली, जेवण हातात, औषध हातात, रेडिओ उशाशी. "अब्बा, आप कुछ मत करो." भाई काही करत नव्हते. रस्त्यानं लोक जात. 'सलाम गनीभाई.' भाई उत्तर द्यायला तोंड उघडत तोवर पावलं पुढं गेलेली असत. असे दिवस चालले. एका दुपारी शहजादी दारात आली तर भाई पुटपुटत होते, पेडगावचं, भीमेच्या डोहातल्या तोफेचं. समोर कोणी नव्हतं. आता घरात शेळीसुद्धा नव्हती.

आणि मग ओंकार पेढ्याचा पुडा घेऊन घरी आला. त्यानं ते सगळं मोबाईलवर टाकलं होतं, वर लिहिलं होतं, 'गनीभाई दाखवतील ती हरणं'. लाखो लोकांनी बघितलं होतं. मुंबईहून, नाशिकहून फोन येत होते, हेच भाई पाहिजेत म्हणून.

"भाई, पुढचे सगळे रविवार फुल्ल आहेत. तुम्ही उद्यापासून या."

हारिस पुढं झाला. "त्यांचा तमाशा करनार तुमी?"

"अरे, लोक प्रेम करतात त्यांच्यावर. वाचून बघ खाली काय काय लिहिलंय."

"अब्बा, न्हाई जायचं. मी सांगतो, न्हाई जायचं."

भाई खाटेवर बसले होते. रस्त्यानं कोणीतरी 'सलाम भाई' म्हणून गेलं. त्यांनी नवी गादी हातानं चाचपली, जरा वेळ तशीच चाचपत राहिले, आणि म्हणाले, "जाकीट कुठं ठिवलंय माजं?"

शहजादीला वाटलं, मालकाला पश्चात्ताप झाला, मोठ्या मनाचा पोरगा. तिनं मोबाईलवर काय आहे ते बघितलं नव्हतं आणि भाईंनी तिला बघू दिलं नाही. तिनं जाकिटाला इस्त्री केली.

पहिल्याच फेरीला बन्सी भाईंच्या पायाशी बसला. टपरीमागचं सगळं सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला. "भाई, आता मी सांगंन. पुन्यांदा चुकू द्यायचो न्हाई तुमाला." आणि खरंच, माळावर आल्याबरोबर त्यानं मोठ्यानं विचारलं, "भाई, पानी?" भाईंनी डावीकडं बोट केलं. डावीकडं कळप होता. माद्या, पाडसं, मधे काळा नर, सगळे सोनेरी गवतात उभे. कित्येक दिवसांनी भाईंचं बोट खरं बोललं होतं. ते टाळीची वाट बघत मान लववून उभे राहिले.

टाळी वाजली नाही. लोकांनी हरणं बघितली, दोन-तीन फोटो काढले आणि एकमेकांकडं बघितलं. "याला दिसतंय की," मागून कोणीतरी नाराजीनं म्हणालं. "नाटक होतं वाटतं सगळं. आपण उगाच आलो एवढ्या लांब."

ओंकार पुढं आला आणि भाईंच्या कानाशी वाकला. "भाई, बरोबर नका सांगू. लोक त्यासाठी येत नाहीत."

त्या संध्याकाळी गाडी लावल्यावर भाई बन्सीला म्हणाले, "तू सांगत जा मला, कुठं हाय ते. चुकायचं तर खरं कुठं हाय ते कळाया पायजे."

तेव्हापासून बन्सीनं पाणी विचारलं की भाई उजवीकडं बोट दाखवतात आणि तंबाखू विचारली की डावीकडं. विजेच्या खांबाला काळवीट म्हणतात, शेतात वाळत घातलेल्या लुगड्याला मोर. गाडी दणाणून जाते. पगार वाढला आहे. घरी शहजादी विचारते, आज लोक खूश झाले का? खूश झाले, भाई सांगतात. ते खोटं नसतं.

परवाच्या रविवारी थंडी कडक होती आणि ऊन छान पडलं होतं. "भाई, तंबाखू?" बन्सी म्हणाला, आणि मग आवाज खाली करून, जे तो कधी बोलत नाही ते बोलला. "भाई, लई मोठा कळप हाय उजवीकडं. आसा मी कदी बघितला न्हाई. म्होरं नर हाय, कोळशावानी काळा. पळत्यात बघा आता."

भाईंना ते ऐकू आलं होतं. कोरड्या गवतातून सरसर, मग मातीवर खुरांचा धडधडाट, गाडीच्या अगदी बाजूनं, एवढ्या जवळून की एका नराचं फुरफुरणंही ऐकू आलं. जन्मभर त्यांनी लोकांना कळप दाखवले, पण असा आवाज कधी कानावर आला नव्हता. त्यांचा त्या बाजूचा हात आपोआप निम्मा उठला.

"डावीकडं बघा!" भाई माईकवर ओरडले आणि हात उलट्या बाजूला लांब केला. "कळप बघा, केवढा मोठा कळप! पुढं नर आहे, कोळशासारखा काळा!"

डावीकडं एका वस्तीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या. गाडीतली झाडून सगळी माणसं डाव्या खिडक्यांवर कोसळली, मोबाईल वर झाले, हशाचा नुसता कल्लोळ उठला. उजव्या बाजूला, सगळ्यांच्या पाठीमागं, कळप उड्या घेत गाडीच्या मागून रस्ता ओलांडून गेला. आरशात तो एकट्या बन्सीनं बघितला. भाई खुरांचा आवाज पार विरेपर्यंत तो हात तसाच धरून उभे होते.

"भाई, पुन्हा एकदा करा ना," मागून एक बाई म्हणाली. "माझं रेकॉर्डच झालं नाही."

भाईंनी घसा साफ केला आणि पुन्हा केलं.